जुन्या अमेरिकन मसल कार आणि त्यांचं रिस्टोरेशन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतले मराठी मित्र, उन्हाळ्यात मुलांकडे आलेले आई-बाबा आणि पुण्या-मुंबईत बसून या गाड्यांचा नाद लागलेली तरुण मंडळी यांच्याकडून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं मुख्यतः १९६४ ते १९७४ या काळातल्या गाड्यांपुरती आहेत. एकाच गोष्टीची दोनदा चर्चा नको म्हणून जिथे गरज आहे तिथे दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. मसल कार नेमकी कशाला म्हणायचं? जुनी अमेरिकन गाडी दिसली की ती मसल कारच, असं असतं का?

नाही. मध्यम आकाराची, दोन दारांची, नोकरदार तरुणाला परवडेल अशी गाडी आणि तिच्यात मोठ्या गाडीचं व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरचं इंजिन, हे मूळ सूत्र. बहुतेक जण सुरुवात १९६४ च्या पाँटिॲक जीटीओपासून धरतात. पाँटिॲकची मालक कंपनी जनरल मोटर्सने मध्यम गाड्यांच्या इंजिनांवर ३३० क्युबिक इंचांची मर्यादा घातली होती. पाँटिॲकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांचे सहकारी बिल कॉलिन्स व रस गी यांनी ३८९ क्युबिक इंचांचं, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचं इंजिन टेंपेस्ट या मध्यम गाडीत बसवलं. मात्र ते नवं मॉडेल म्हणून न विकता जादा पैसे मोजून घ्यायचा पर्याय म्हणून विकलं आणि मर्यादेतून वाट काढली. पहिल्याच वर्षी ३२,४५० गाड्या खपल्या. मग शेव्हरोलेची शेव्हेल एसएस, ओल्ड्समोबिल ४-४-२, प्लिमथ रोड रनर अशी रांगच लागली.

मस्टँग, कॅमारो, बाराकुडा या आकाराने लहान, त्यांना पोनी कार म्हणतात. मोठं इंजिन असलेल्या पोनी कारला मसल कार म्हणायला हरकत घेणारे आता फार उरलेले नाहीत. कॉर्व्हेट मात्र दोन आसनांची स्पोर्ट्स कार. तिचं जग वेगळं आहे.

२. १९७० ला ४५० हॉर्सपॉवर आणि दोन वर्षांत एकदम निम्मे? इंजिनं इतकी बिघडली होती का?

घट खरी होती, पण आकड्यांत दिसते तेवढी नव्हती. १९७१ पर्यंत कंपन्या इंजिन गाडीबाहेर चाचणीच्या बाकावर ठेवून, अल्टरनेटर, एअर क्लीनर, सायलेन्सर वगैरे न जोडता मोजलेली ताकद छापायच्या. १९७२ पासून सगळे गाडीत बसवल्यासारखं मोजायला लागले. शेव्हरोलेच्या ४५४ इंजिनाचे १९७१ साली दोन्ही आकडे दिलेले होते: जुन्या पद्धतीने ३६५, नव्या पद्धतीने २८५. इंजिन तेच.

खरी घट झाली ती कमी शिशाच्या पेट्रोलसाठी कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये इंधन-हवेचं मिश्रण दाबण्याचं प्रमाण, उतरवल्यामुळे. त्यात विमा कंपन्यांनी या गाड्यांचे हप्ते वाढवले, १९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर बंधनं आणली आणि १९७३ च्या तेलसंकटाने उरलीसुरली हौस संपवली.

३. रिस्टोरेशन, रिस्टोमॉड, सर्व्हायव्हर, क्लोन... हे सगळे शब्द ऐकून गोंधळ होतो. सोप्या भाषेत सांगाल का?

रिस्टोरेशन म्हणजे गाडी कारखान्यातून निघाली त्या स्थितीला परत नेणं. रिस्टोमॉड म्हणजे वरून जुनी, आतून नवी: आधुनिक इंजिन, डिस्क ब्रेक, नवा गिअरबॉक्स. सर्व्हायव्हर म्हणजे मूळ रंग, मूळ सीटा, मूळ भाग टिकवून राहिलेली, रिस्टोर न केलेली गाडी. क्लोनबद्दल प्रश्न ८ पाहा.

रिस्टोमॉडला कमी लेखू नका. चालवायला ती पुष्कळ सुरक्षित असते आणि तिच्यातलं कामही उत्तम असू शकतं. पण तिची कसोटी वेगळी. खालची उत्तरं मूळ बरहुकूम केलेल्या रिस्टोरेशनबद्दल आहेत.

४. शोमध्ये सगळ्याच गाड्या चकाचक दिसतात. मग चांगलं काम ओळखायचं कसं?

हा सर्वात जास्त वेळा येणारा प्रश्न, म्हणून उत्तर सविस्तर देतो.

सुरुवात रंगापासून करू नका, पत्र्यापासून करा. गाडीच्या मागच्या कोपऱ्यापाशी थोडं वाकून उभे राहा आणि पूर्ण बाजूवरून नजर पुढे न्या. छतावरच्या दिव्यांचं किंवा झाडांचं प्रतिबिंब मागच्या चाकावरून दारावर, दारावरून पुढच्या मडगार्डावर जाताना सरळ राहिलं पाहिजे. ते कुठे डुगडुगलं, तर खाली पुट्टी कमी-जास्त घासली गेली आहे किंवा वेल्डिंगच्या उष्णतेने पत्रा ओढला गेला आहे. गडद रंगात हे लपत नाही. म्हणून काळी गाडी सरळ दिसली की तिथे थांबा. ती पट्टीवर गुंडाळलेल्या वॉटर पेपरने पुन्हा पुन्हा, हाताने घासलेली असते. त्या कामाला यंत्राचा पर्याय नाही.

मग फटी बघा. दार आणि मडगार्ड, बॉनेट आणि काउल (पुढच्या काचेखालचा पत्रा), डिकीचं झाकण. फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का? दोन्ही बाजू एकमेकींशी जुळतात का? दारावरची पत्र्याची दुमड, जिला बॉडी लाइन म्हणतात, ती पुढच्या पत्र्यावर त्याच उंचीवर पोचते का? चांगला कारागीर रंग देण्याआधी सगळी गाडी रबर आणि काचांसकट एकदा जोडून बघतो, कारण नवं रबर दाराला बाहेर ढकलतं आणि फटी बदलतात. ज्याने हे केलं नाही त्याची गाडी रंगानंतर बोलते.

तिसरी पायरी, वाकून खाली बघायचं. लहान-मोठ्या गोष्टींत कष्ट दिसतात ते इथेच. इंधनाच्या आणि ब्रेकच्या नळ्या मूळ वळणांनी गेल्या आहेत का? स्टीअरिंगचे दांडे, स्पिंडल असे कित्येक भाग कारखान्यात रंगवतच नसत, उघडं लोखंड असायचं. तिथे चकचकीत काळा रंग दिसला तर काम अभ्यास न करता केलेलं आहे. बोल्टच्या डोक्यावर बनवणाऱ्याची खूण असते. होजवर त्या काळची स्प्रिंगची क्लॅम्प आहे की आजच्या दुकानातली स्क्रूची? काचेच्या कोपऱ्यातल्या छापात तारखेचा संकेत असतो, तो गाडीच्या आधीच्या महिन्यांतला आहे का?

हे सगळं जुळवायला कारागिराने शेकडो जुने फोटो, कारखान्याची असेंब्ली मॅन्युअल आणि न उघडलेल्या गाड्या पाहिलेल्या असतात. बॉनेटवरचे पट्टे सगळ्यांना दिसतात. इंधन टाकीच्या पट्ट्याचा बरोबर बोल्ट शोधण्यात कुणीतरी एक अख्खा हिवाळा घालवलेला असतो, तो फक्त वाकणाऱ्याला दिसतो. मला सर्वात जास्त आदर त्या माणसाबद्दल वाटतो.

५. पण मग ‘ओव्हर-रिस्टोर्ड’ असं नाक मुरडून का म्हणतात? मूळपेक्षा चांगली केली तर बिघडलं कुठे?

१९६९ साली कामगाराकडे एका गाडीसाठी अगदी थोडा वेळ असायचा. रंगावर संत्र्याच्या सालीसारखा बारीक खवलेपणा यायचा, बाजूच्या रंगाचे फवारे तळाला उडायचे, सील करायचा मसाला ब्रशने फासलेला असायचा, तपासणाऱ्यांच्या खडूच्या आणि मेणखडूच्या खुणा ठिकठिकाणी असायच्या. आज अत्यंत काटेकोर रिस्टोरर हे सगळं परत आणतात: तोच फवारा, त्याच जागी, त्याच रंगाची खूण.

कारखान्यानुसारही फरक पडतो. मस्टँग डिअरबॉर्न, मेटुचेन आणि सॅन होजे इथे बनायच्या आणि तळाच्या प्रायमरचा रंग सगळीकडे एकसारखा नव्हता. १९६९ ची कॅमारो ओहायोतल्या नॉरवुडची की कॅलिफोर्नियातल्या व्हॅन नाइसची, यावर बारकावे बदलतात.

आरशासारखा तळ असलेली गाडी सुंदर असतेच. फक्त ती १९६९ बद्दल काही सांगत नाही. माझा कौल मूळ खुणा जपणाऱ्याच्या बाजूने आहे, पण एका ठिकाणी मीही सूट देतो: फटी. कारखान्यातल्या फटी कित्येकदा खरंच वाईट होत्या आणि त्या मुद्दाम वाकड्या करा असं कुणीच म्हणत नाही.

६. ‘नंबर्स मॅचिंग’ म्हणजे काय? कुठले नंबर कशाशी जुळायचे?

गाडीच्या क्रमांकाचा (नंबर प्लेटचा नव्हे, कारखान्याने दिलेल्या ओळख क्रमांकाचा) काही भाग इंजिनवर आणि गिअरबॉक्सवर ठोकलेला असतो. १९६८ पासून हे सर्रास दिसतं. तो डॅशबोर्डवरच्या क्रमांकाशी जुळला तर ते इंजिन याच गाडीत जन्मलेलं. त्याआधीच्या बऱ्याच गाड्यांत फक्त संकेत आणि तारखा असतात. तिथे ‘बरोबर जातीचं इंजिन’ एवढंच म्हणता येतं, ‘हेच इंजिन’ असं छातीठोकपणे सांगता येत नाही.

खोटेपणाही इथेच चालतो. इंजिन घासून आकडे नव्याने ठोकतात. कारखान्यात ब्लॉकचा पृष्ठभाग कापताना बारीक समांतर रेषा उमटायच्या, जाणकार त्या आकड्यांखाली आहेत का ते बघतो. आणि साधा तर्क: ब्लॉक ओतल्याची तारीख गाडी बनल्याच्या तारखेनंतरची असेल, तर बाकी काही बघायची गरजच नाही.

७. गाडी खरी जीटीओ किंवा खरी एसएस आहे हे नुसत्या क्रमांकावरून कळतं का?

कंपनी आणि सालावर अवलंबून आहे, आणि इथे बरेच जण फसतात.

पाँटिॲक: १९६६ ते १९७१ मध्ये क्रमांक २४२ ने सुरू झाला तर जीटीओ. १९६४-६५ मध्ये ती पर्याय होती, क्रमांकात दिसत नाही. तेव्हा पाँटिॲक हिस्टॉरिक सर्व्हिसेसकडून कारखान्याच्या मूळ नोंदीची प्रत मागवा.

शेव्हेल: १९६६ ते १९६८ मध्ये एसएस ३९६ ची स्वतंत्र मालिका होती, क्रमांक १३८ ने सुरू होतो. १९६९ पासून एसएस हा पर्याय झाला आणि क्रमांक गप्प झाला. शेव्हरोलेच्या अमेरिकेतल्या बहुतेक नोंदी उरलेल्या नाहीत. म्हणून टाकीच्या वर किंवा सीटखाली सापडणारा बिल्ड शीटचा (गाडीला कारखान्यात काय काय लावायचं त्या यादीचा) जीर्ण कागद सोन्यासारखा जपतात. गाडी मुळात कॅनडात विकलेली असेल तर मात्र जनरल मोटर्स कॅनडाकडून नोंद मिळू शकते.

क्रायस्लर आणि फोर्ड यांनी काम सोपं केलं: पाचवं अक्षर इंजिनाचं. १९७० च्या कुडामध्ये (क्रायस्लरच्या प्लिमथ बाराकुडाची ताकदवान आवृत्ती) तिथे ‘आर’ असेल तर ४२६ हेमी, ‘व्ही’ असेल तर तीन कार्ब्युरेटरचं ४४०. फोर्डसाठी १९६७ पासून पुढच्या गाड्यांचा मार्टी रिपोर्ट मिळतो. कुठल्या कारखान्यात, कधी, काय काय लावून बनली हे त्यात येतं.

८. क्लोन म्हणजे फसवणूकच ना?

सांगून विकली तर अजिबात नाही. साध्या सहा सिलिंडरच्या शेव्हेलला मनापासून एसएस बनवून ‘ही ट्रिब्यूट आहे’ असं पाटीवर लिहिणारे मालक मी नेहमी बघतो, आणि त्यांच्या गाडीतलं काम पुष्कळदा अव्वल असतं. लपवून विकली तर ती फसवणूक. फरक गाडीत नाही, पाटीवरच्या मजकुरात आहे. विकत घेताना प्रश्न ६ आणि ७ मधल्या गोष्टी तपासा.

९. रंग मूळ प्रकारचाच हवा का? आजचे रंग जास्त टिकतात ना?

टिकतात. जनरल मोटर्स त्या काळी ॲक्रिलिक लॅकर वापरायची, फोर्ड आणि क्रायस्लर इनॅमल. आज बहुतेक जण रंगाचा थर आणि वर पारदर्शक क्लिअर कोट देतात. त्यात खोली जास्त दिसते, आणि नेमकी तीच मूळ गाडीत नसायची. काही रिस्टोरर एकाच थरात चमक देणारा सिंगल स्टेज रंग निवडतात. साध्या, धातूची चमक नसलेल्या रंगछटांना तो फार छान दिसतो. गाडी उन्हातान्हात चालवणार असाल तर क्लिअर कोट घ्या, त्यात काही कमीपणा नाही.

१०. गंज कितपत असेल तर गाडी घेऊ नये?

‘कितपत’पेक्षा ‘कुठे’ हा प्रश्न विचारा. मडगार्डाचा खालचा भाग, मागचे क्वार्टर पॅनेल, डिकीचा तळ हे सगळं बदलता येतं आणि सुटा पत्रा बाजारात आहे. जीटीओ, शेव्हेल अशा गाड्यांना वेगळी चासी असते; बॉडी उचलून दोन्हींवर वेगवेगळं काम होतं. मस्टँग आणि क्रायस्लरच्या बहुतेक गाड्यांत मात्र बॉडी हीच चासी. तिथे फ्रेम रेल, टॉर्क बॉक्स हे तळाचे आधार सडले असतील तर दारं उघडताना बॉडी झुकते, आणि तिला आधार देऊन जिगवर (बॉडी सरळ धरणाऱ्या चौकटीवर) ठेवल्याशिवाय कापाकापी करता येत नाही.

मस्टँगचं काचेखालचं काउल आणि विनाइल छपराच्या गाड्यांत मागच्या काचेची कड या दोन जागा आधी बघा. तिथे पाणी साचतं आणि वरून काही दिसत नाही. सोबत छोटं चुंबक ठेवा: जिथे ते पकडत नाही तिथे पत्र्याऐवजी पुट्टी आहे. छपराच्या सांध्यात मात्र कारखान्यानेच शिसं भरलेलं असायचं, ते बघून घाबरू नका.

आणि जुना रंग उतरवायला वाळूचा जोरदार मारा करणाऱ्या दुकानात मोठे सपाट पत्रे देऊ नका. छप्पर आणि बॉनेट त्या माऱ्याने जे लहरी घेतात ते पुन्हा सरळ होणं फार कठीण.

११. आता बाजारात अख्खी नवी बॉडी मिळते म्हणे. तिच्यावर जुन्या गाडीची कारखान्याच्या ओळख क्रमांकाची पट्टी लावली तर ती जुनी गाडीच ना?

हा प्रश्न सर्वात अवघड, आणि इथे हौस सोडून कायदा सुरू होतो.

१९६७-६८ च्या मस्टँग फास्टबॅक आणि १९६९ च्या कॅमारोसारख्या काही गाड्यांच्या बॉडी खरंच नव्या बनतात. तशी गाडी उघडपणे नवी बॉडी म्हणून नोंदवून बांधायला काही हरकत नाही. पण एका गाडीची क्रमांकपट्टी काढून दुसऱ्या बॉडीवर लावणं, ज्याला रिबॉडी म्हणतात, ते अमेरिकेत गुन्ह्यात मोडू शकतं. दुरुस्तीसाठी पट्टी तात्पुरती काढायला केंद्रीय कायद्यात मुभा आहे, मात्र राज्यांचे कायदे वेगळे. कॅन्ससमध्ये एका १९५९ च्या कॉर्व्हेटची पट्टी रिस्टोरेशनच्या वेळी काढून परत बसवलेली होती. तेवढ्यावरून २०१७ मध्ये पोलिसांनी गाडी जप्त केली. मालक निर्दोष होता, तरी प्रकरण वर्षानुवर्षं चाललं आणि २०२२ मध्ये राज्याला कायदाच बदलावा लागला.

म्हणून पट्टीला शक्यतो हात लावू नका. रंगवाल्याला ती झाकून काम करायला सांगा. जनरल मोटर्सच्या पट्ट्यांवर फुलाच्या पाकळ्यांसारखे रिव्हेट असतात. त्यांच्या जागी साधे रिव्हेट दिसले तर प्रश्न विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

किती मूळ पत्रा उरला म्हणजे गाडी तीच? मला वाटतं काउल, फायरवॉल (इंजिन आणि आतल्या बैठकीमधली पत्र्याची भिंत) आणि तळाचा सांगाडा मूळ असेल तर बाकी कितीही पत्रा बदलला तरी गाडी तीच. याच्याशी असहमत असणारे जाणकार आहेत, आणि त्यांच्या म्हणण्यातही तथ्य आहे.

१२. एवढा खर्च करून पैसे वसूल होतात का?

बहुतेक वेळा नाही. उत्तम दुकानात पूर्ण रिस्टोरेशनला हजारावर तास सहज लागतात आणि बिल सहा आकडी डॉलरांत जातं. पत्रा सरळ करायला साध्या शेव्हेलला जेवढे तास, तेवढेच ४५० हॉर्सपॉवरच्या एलएस-६ इंजिनाच्या १९७० च्या शेव्हेलला. पण विक्रीत दोघींची किंमत कुठल्या कुठे. फक्त ११ बनलेल्या १९७१ च्या हेमी कुडा कन्व्हर्टिबलपैकी एक २०१४ मध्ये सिएटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरना गेली. असे आकडे दुर्मीळ गाड्यांचे असतात, कारागिरीचे नसतात.

वडिलांची साधी, सहा सिलिंडरची गाडी पैसे बुडणार हे माहीत असून पूर्ण रिस्टोर करणारी माणसं असतात. तिथे आवर्जून थांबा.

१३. आजच्या पेट्रोलवर ही इंजिनं चालतात का?

चालतात, काळजी घेतली तर. जुन्या पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या बैठकीचं रक्षण करायचं. अमेरिकेत रस्त्यावरच्या गाड्यांसाठी ते १९९६ पासून पूर्ण बंद आहे, म्हणून हेड उघडलं की कठीण धातूच्या बैठका बसवून घेतात. बाहेरून दिसत नाहीत, परीक्षक गुण कापत नाहीत. इथेनॉलमुळे जुन्या रबरी नळ्या कुजतात. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या घाला. जुन्या पद्धतीच्या कॅमशाफ्टला जस्त जास्त असलेलं तेल लागतं. ११:१ च्या आसपास कॉम्प्रेशन असेल तर मिळेल ते सर्वात वरच्या ऑक्टेनचं पेट्रोल भरा आणि टायमिंग त्यानुसार लावून घ्या.

१४. अशा गाड्या बघायला कुठे जावं? आई-बाबांना घेऊन जाता येईल का?

नक्की. डेट्रॉइट परिसरात वाहन उद्योगातले मराठी इंजिनिअर पुष्कळ आहेत, त्यांच्याकडे ऑगस्टमध्ये येत असाल तर महिन्यातला तिसरा शनिवार वुडवर्ड ड्रीम क्रूझ या जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी ठेवा. फुकट आहे, रस्त्याकडेला खुर्च्या टाकून दिवसभर बसता येतं. डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात पहिल्या क्रमांकाची मस्टँग आहे. काटेकोर रिस्टोरेशन बघायचं असेल तर नोव्हेंबरमध्ये शिकागोजवळ रोझमाँटला भरणारं मसल कार अँड कॉर्व्हेट नॅशनल्स गाठा. प्रश्न ४ मधलं सगळं तिथे एका छताखाली दिसेल.

१५. मालकाशी काय बोलावं? आपल्याला फारसं कळत नाही, संकोच वाटतो.

विचारल्याशिवाय हात लावू नका, पर्स आणि बॅगेची चेन सांभाळा, मुलांना जवळ ठेवा. ‘किती पैसे लागले?’ याने सुरुवात नको. ‘पत्र्याचं काम कुणी केलं?’ असं विचारा. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि त्याने माणूस खुलतो. काम दुसऱ्याने केलेलं असेल तर चांगला मालक त्याचं नाव आपणहून सांगतो, आणि तो माणूस बहुतेक वेळा तिथेच कुठेतरी उभा असतो. दाद त्यालाही द्या.

१६. अशी गाडी भारतात आणता येईल का?

जुनी गाडी आयात करण्यावर केंद्राची बंधनं आहेत आणि सीमाशुल्क मोठं आहे; नियम बदलत असतात, म्हणून गाडीचे पैसे देण्याआधी कस्टम एजंटकडून त्या दिवशीची स्थिती लेखी घ्या. नोंदणीसाठी २०२१ चे नियम आहेत: ५० वर्षांपेक्षा जुनी आणि मूळ रूपात असलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात ‘व्हीए’ येतं, नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये. रोजच्या वापराला परवानगी नाही. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेली रिस्टोमॉड यात बसत नाही.

हात शिवशिवत असतील तर आधी घरची गाडी घ्या. काँटेसा किंवा कुर्ल्यात बनलेली पद्मिनी यांचा पत्रा, फटी आणि क्रोम हेच सगळं शिकवतात, आणि आपल्याकडे हातोडी-डॉलीवर पत्रा सरळ करणारे जुने डेंटर अजून आहेत. त्यांच्या शेजारी बसून शिकायची वेळ आत्ताच आहे.

१७. गाडी रिस्टोर करूच नये, असं कधी असतं का?

असतं. मूळ रंग, मूळ सीटा निम्म्याहून अधिक शाबूत असतील तर हात आखडता घ्या. अभिनेता स्टीव्ह मॅक्क्वीनने पडद्यावर पळवलेली १९६८ ची हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातल्या किसिमीला शुल्कासह ३७.४ लाख डॉलरना विकली गेली. खरचटलेली, डागाळलेली, रिस्टोर न करता. प्रश्न ५ मधल्या खुणा रिस्टोरर शिकतो त्या अशाच न उघडलेल्या गाड्यांवरून.

अशा गाडीत ब्रेक, नळ्या, टायर यांसारख्या सुरक्षिततेच्या गोष्टी बदला आणि काढलेला प्रत्येक भाग लेबल लावून ठेवा. गंज पुढे सरकत असेल तर तो तेवढ्याच जागी थांबवा. आणि सीट उसवण्याआधी स्प्रिंगमध्ये हात घालून बघा. प्रश्न ७ मधला बिल्ड शीटचा कागद बहुधा तिथेच अडकलेला असतो आणि झाडताना फाटतो.